जुन्या मोटारीच्या मॅनिफोल्डचे नट-बोल्ट कसे आवळावेत

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात जुन्या मोटारी अजून बऱ्यापैकी वापरात आहेत. ॲम्बेसेडर आणि मारुती 800 या दोन्ही गाड्यांचे उत्पादन 2014 साली थांबले, तरी लग्नसराईत, जत्रेच्या दिवसांत आणि मळ्यावरच्या फेऱ्यांना त्या रस्त्यावर दिसतातच. अशा गाडीचे इंजिन सकाळी सुरू करताच बॉनेटखालून टिक-टिक असा कोरडा आवाज येऊ लागला, की बहुतेक जण टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारे भाग) सैल झाले असे धरून चालतात आणि टॅपेट जुळवून घेतात. हा आवाज इंजिन तापल्यावर मंदावत असेल आणि तवंदी किंवा वंटमुरी घाटाच्या चढावर पुन्हा वाढत असेल, तर संशय आधी एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर, म्हणजे सिलिंडरांतला धूर गोळा करून सायलेन्सरच्या पाइपकडे नेणाऱ्या ओतीव नळ्यांवर, घ्यावा. थंड इंजिनात मॅनिफोल्ड आणि हेड (सिलिंडरांवरचा ओतीव भाग) यांच्यामध्ये राहिलेली बारीक फट धातू तापून फुगल्यावर बऱ्याच अंशी बुजते, म्हणून आवाज कमी होतो. टॅपेटचा आवाज सहसा असा नाहीसा होत नाही.

फट नेमकी कोठे आहे हे शोधण्यासाठी मॅनिफोल्डच्या तोंडापाशी पॅकिंगच्या कडेने काजळीची काळी रेघ उमटली आहे का ते बॅटरीच्या उजेडात पाहावे. रेघ दिसत नसेल तर दोन-तीन फूट लांबीच्या रबरी नळीचे एक टोक कानाशी धरावे आणि दुसरे टोक, फिरत्या पंख्यापासून व पट्ट्यापासून दूर ठेवून, प्रत्येक तोंडाजवळून फिरवावे. ज्या पोर्टपाशी, म्हणजे तोंडापाशी, गळती असेल तेथे फुसफुस स्पष्ट ऐकू येते. इनलेटच्या, म्हणजे इंजिनात हवा-पेट्रोलचे मिश्रण नेणाऱ्या मॅनिफोल्डच्या, बाजूची गळती वेगळी लक्षणे दाखवते. तेथून धूर बाहेर येत नाही, उलट बाहेरची हवा आत ओढली जाते, त्यामुळे मिश्रण पातळ होते, आयडलिंग (गाडी उभी असतानाची इंजिनाची संथ गती) वर-खाली होते आणि कार्बोरेटर कितीही जुळवला तरी गाडी सिग्नलला उभी असताना थरथरत राहते. ही गळती शोधण्यासाठी काही गॅरेजमध्ये जोडावर पेट्रोल किंवा कार्बोरेटर साफ करण्याचा स्प्रे मारतात. शेजारीच तापलेला एक्झॉस्ट असताना हे करणे म्हणजे आगीला बोलावणे आहे. थंड इंजिन नुकतेच सुरू केलेले असताना साध्या पाण्याचा बारीक फवारा जोडावर मारला तरी गळती असलेल्या जागी पाणी आत ओढले जाऊन आयडलिंगमध्ये क्षणभर फरक पडतो, आणि तेवढा पुरावा पुरेसा असतो. ही सर्व तपासणी उघड्यावर करावी; एक्झॉस्टच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि पावसाळ्यात दार लावून घेतलेल्या शेडमध्ये तो जिवावर बेतू शकतो.

गळती सापडली की पाना घेऊन सगळे नट आणखी आवळून टाकावेत, हा पहिला मोह असतो. तो का आवरावा हे कळण्यासाठी मॅनिफोल्ड तापल्यावर काय करतो ते समजून घेतले पाहिजे. ओतीव लोखंडाचा एक मीटर लांबीचा तुकडा एक अंश सेल्सिअसने तापवला तर तो सुमारे 0.011 मिलिमीटरने लांबतो. हा आकडा क्षुल्लक वाटतो, पण 40 सेंटिमीटर लांबीचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड घाटाच्या चढावर 400 अंशांनी तापला तर तो जवळजवळ पावणेदोन मिलिमीटर लांब होतो. ज्या हेडवर तो बसलेला असतो त्या हेडमध्ये मात्र पाणी खेळत असते. ते 30 अंशांवरून 100 अंशांपर्यंत गेले तरी लोखंडी हेड त्याच लांबीत 0.3 मिलिमीटर एवढेच वाढते. उरलेला दीड मिलिमीटरच्या आसपासचा फरक मॅनिफोल्डला हेडच्या तोंडावर घसरून भरून काढावा लागतो, म्हणजे मधला भाग स्थिर धरला तर प्रत्येक टोकाला पाऊण मिलिमीटर. थंड झाल्यावर तेवढेच अंतर परत यावे लागते, आणि हे प्रत्येक प्रवासात घडते. मॅनिफोल्डची भोके स्टडपेक्षा (हेडमधून बाहेर आलेल्या, आटे असलेल्या दांड्यांपेक्षा) मोठी ठेवलेली असतात ती यासाठीच.

म्हणून या बोल्टांकडून दोन परस्परविरोधी कामांची अपेक्षा असते: तोंड गळणार नाही इतका दाब द्यायचा, आणि तरीही मॅनिफोल्डला सरकू द्यायचे. वाजवीपेक्षा जास्त आवळलेला मॅनिफोल्ड सरकू शकत नाही. मग एकतर टोकाचा स्टड तुटतो, नाहीतर मॅनिफोल्डला दोन पोर्टांच्या मधोमध तडा जातो. तुटलेले स्टड बहुधा टोकांचेच का असतात, याचे उत्तर वरच्या हिशेबात आहे.

आवळण्याचे आकडे लहान का असतात हेही यातून लक्षात येते. ॲम्बेसेडरचे जुने 1489 सीसी पेट्रोल इंजिन ब्रिटिश बी-सिरीज घराण्यातले असून त्या घराण्यातील इंजिनांच्या मॅनिफोल्डच्या नटांना सुमारे 15 फूट-पाउंड, म्हणजे 2 किलोग्रॅम-मीटर किंवा 20 न्यूटन-मीटर इतका टॉर्क, म्हणजे पिळण्याचा जोर, दिला जातो; हेडच्या नटांना त्याच्या जवळजवळ तिप्पट लागतो. मारुती 800 सारख्या गाड्यांत 8 मिलिमीटरचे स्टड असतात आणि त्यांचा टॉर्कही साधारण 2 ते 2.5 किलोग्रॅम-मीटरच्या आसपास येतो. आपल्या गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये दिलेला आकडाच अंतिम मानावा, कारण एकाच गाडीत वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळी इंजिने बसवली गेली आहेत आणि बाजारात मिळणारे स्टडही नेहमी मूळ मापाचे नसतात.

दोन किलोग्रॅम-मीटर म्हणजे हाताला किती जोर, हे एकदा करून पाहण्यासारखे आहे. 20 सेंटिमीटर लांबीच्या रिंग पान्याच्या टोकाला 10 किलोची ओढ दिली की तेवढा टॉर्क होतो. अर्ध्या इंची रॅचेटचा दांडा 25 सेंटिमीटर धरला आणि तगड्या माणसाने त्यावर 20-25 किलोचा जोर दिला, तर टॉर्क पाच-सहा किलोग्रॅम-मीटरवर जातो, म्हणजे हव्या त्याच्या अडीच-तीन पट. त्यावर पाइप चढवून जोर लावला तर बोलायलाच नको. अनुभवी मेस्त्रीचा हात बरोबर बसतो हे खरे आहे, पण तोच हात संध्याकाळी दमलेला असतो आणि फायरवॉलच्या (इंजिनामागच्या पत्र्याच्या) कडेचा, नीट न दिसणारा नट त्याच्या हाती वेगळाच लागतो. तेव्हा टॉर्क रेंच, म्हणजे ठरवलेला टॉर्क झाला की आवाज देणारा पाना, घ्यावा, आणि तो योग्य मापाचा घ्यावा. टायरचे नट आवळण्यासाठी मिळणारा अर्ध्या इंची टॉर्क रेंच बहुधा 28 किंवा 40 न्यूटन-मीटरपासून सुरू होतो, त्यामुळे या कामाला तो निरुपयोगी ठरतो. 10 ते 60 न्यूटन-मीटरच्या दरम्यान चालणारा तीन-अष्टमांश इंची रेंच बरा, कारण आपला आकडा त्याच्या मापपट्टीच्या अगदी तळाला येत नाही. रेंचची मूठ ठरलेल्या जागीच धरावी, ओढ सावकाश आणि एकसारखी द्यावी, ‘कट्’ असा आवाज आला की थांबावे आणि खात्रीसाठी म्हणून पुन्हा पुन्हा ओढू नये. नट सोडवण्यासाठी हा रेंच वापरू नये, आणि काम झाल्यावर त्याची स्प्रिंग सर्वांत कमी आकड्यावर आणून ठेवावी. सॉकेटला सरळ एक्स्टेन्शन लावल्याने टॉर्क बदलत नाही. युनिव्हर्सल जॉइंट वाकडा करून लावला तर बदलतो, म्हणून शक्य तेथे तो टाळावा.

पान्याच्या मापाबद्दल एक गोष्ट येथेच सांगितली पाहिजे. ॲम्बेसेडरच्या मॅनिफोल्डचे मूळ नट अर्ध्या इंची, म्हणजे चार सुती पान्याचे. मारुतीचे 12 मिलिमीटरचे. घरात बहुतेकांकडे मिलिमीटरचाच सेट असतो आणि 13 नंबरचा पाना अर्ध्या इंची नटावर बसतो असे वाटते. अर्धा इंच म्हणजे 12.7 मिलिमीटर. उरलेला 0.3 मिलिमीटरचा खेळ नवीन नटाला चालून जाईल, पण उन्हापावसात गंजून कडा झिजलेल्या नटाचे कोपरे त्यामुळे गोल होतात आणि मग छन्नी-हातोडीची वेळ येते. चार सुती सहाकोनी सॉकेट स्वतंत्रपणे विकत घ्यावा. बाराकोनी सॉकेट या कामाला नको.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. इंजिन पूर्ण थंड असावे, शक्यतो रात्रभर उभे असलेले. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवावी, कारण कार्बोरेटर आणि पेट्रोलची नळी काढताना ठिणगी परवडणारी नसते. ज्या इंजिनाच्या इनलेट मॅनिफोल्डमधून कूलंट फिरतो, त्यात तो आधी काढून घ्यावा, नाहीतर मॅनिफोल्ड सुटताच पाणी पोर्टमधून थेट सिलिंडरमध्ये उतरते.

नट सोडवणे हाच या कामातला सर्वांत चिवट भाग आहे, आणि आपल्या भागात तर अधिकच. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे पाऊस इतका पडतो की जून ते सप्टेंबर गोठ्याशेजारच्या शेडमध्ये उभ्या राहिलेल्या गाडीच्या मॅनिफोल्डवर गंजाचा जाड पापुद्रा चढतो आणि दसऱ्याला गाडी पुजायला बाहेर काढली की नट आणि स्टड एकजीव झालेले असतात. अशा नटांवर आदल्या दिवशी, सकाळी आणि संध्याकाळी असे दोनदा, गंज सोडवणारे तेल मारून ठेवावे. त्याआधी स्टडचे बाहेर आलेले आटे तारेच्या ब्रशने स्वच्छ करावेत, कारण नट त्याच गंजलेल्या आट्यांवरून बाहेर यायचा असतो. नट हलला की लगेच ओढून काढू नये. पाव वळण सोडवावा, अर्धे पाव परत आवळावा, पुन्हा तेल द्यावे आणि पुढे जावे. अडकल्याची जाणीव झाली तर जोर वाढवण्याऐवजी उष्णता द्यावी. लहान गॅस टॉर्चने फक्त नट तापवला तर तो स्टडपेक्षा आधी फुगतो आणि गंजाची पकड तुटते. टॉर्च हातात घेण्यापूर्वी पेट्रोलची नळी आणि कार्बोरेटर दूर नेलेला असावा, तेल पुसलेले असावे आणि पाण्याची बादली किंवा अग्निशामक नळकांडे जवळ असावे. नट सोडवण्याचा क्रमही असतो: टोकांकडून सुरुवात करून मध्याकडे यावे, आणि आधी सर्व नट थोडे-थोडे सैल करून मगच एकेक काढावेत. मॅनिफोल्डमध्ये साठलेला ताण त्यामुळे एकाच स्टडवर येत नाही.

स्टड तुटलाच, तर बाहेर किती राहिला आहे यावर पुढचा मार्ग ठरतो. एक-दीड सेंटिमीटर बाहेर असेल तर त्यावर दोन नट एकमेकांविरुद्ध आवळून आतल्या नटाला पाना लावून तो फिरवता येतो. अगदी थोडा बाहेर असेल तर वेल्डरकडून त्यावर नट वेल्ड करून घ्यावा. वेल्डिंगच्या उष्णतेनेच निम्मे काम होते. हेडच्या तोंडाशी सपाट तुटला असेल, तर घरच्या हँड ड्रिलने प्रयत्न करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. हेड ॲल्युमिनियमचे असेल तर ड्रिल जरा तिरके गेले की ते त्या मऊ धातूकडे वळते, भोक लांबोळे होते आणि मग हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) बसवण्याइतकीही जागा उरत नाही. हेड उतरवून उद्यमबागेतील एखाद्या मशीन शॉपमध्ये नेणे हा खर्च दिसायला मोठा असला तरी शेवटी तोच स्वस्त पडतो. बेळगाव हे फाउंड्री आणि मशीनिंगचे गाव असल्यामुळे ही सोय आपल्याला हाताशी आहे, याचा फायदा घ्यावा.

मॅनिफोल्ड हाती आला की त्याचे तोंड तपासावे. जुन्या पॅकिंगचे अवशेष बोथट पात्याने खरवडावेत; ॲल्युमिनियमच्या हेडवर पोलादी स्क्रेपर जपून चालवावा आणि ग्राइंडरला तारेची चकती लावून तर अजिबात घासू नये. फार जुन्या पॅकिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते, म्हणून ते कोरडे न घासता आधी ओले करावे आणि नाका-तोंडावर चांगला मास्क असावा. खरवडताना पोर्टांत चिंध्या कोंबून ठेवाव्यात आणि काम झाल्यावर त्या मोजून बाहेर काढाव्यात. त्यानंतर सरळ पोलादी पट्टी मॅनिफोल्डच्या सर्व तोंडांवर आडवी आणि तिरकी टेकवून पट्टीखालून फीलर गेजची (फट मोजण्याच्या ठरावीक जाडीच्या पात्यांची) पाने घालून पाहावीत. 0.1 मिलिमीटरचे पान सहज आत जात असेल तर तोंड वाकले आहे असे समजून ते मशीनवर सपाट करून घ्यावे. वाकलेले तोंड बोल्टच्या जोराने सरळ होईल ही समजूत फार पसरलेली आहे. ओतीव लोखंड तसे सरळ होत नाही, ते तडकते.

ॲम्बेसेडरसारख्या इंजिनात आणखी एक बारकावा आहे आणि बरेच जण तो पाहतच नाहीत. या इंजिनात इनलेट आणि एक्झॉस्ट दोन्ही एकाच बाजूला असतात आणि काही स्टडवर एकच जाड, मोठा वायसर एका बाजूने इनलेटच्या कानावर (नटाखाली दाबल्या जाणाऱ्या बाहेर आलेल्या भागावर) आणि दुसऱ्या बाजूने एक्झॉस्टच्या कानावर टेकतो. एका नटाने दोन्ही मॅनिफोल्ड दाबले जातात. दोन्ही कान सारख्या जाडीचे असतील तोवर ही युक्ती उत्तम चालते. पण एक्झॉस्ट मॅनिफोल्ड एकदा मशीनवर घासून घेतला आणि इनलेट तसाच ठेवला, की एक कान पातळ होतो. वायसर तिरका बसतो, सगळा दाब जाड कानावर जातो आणि पातळ कानाचा पोर्ट कितीही आवळला तरी गळत राहतो. म्हणून व्हर्निअर कॅलिपरने दोन्ही कानांची जाडी मोजावी आणि मशीन शॉपला शक्यतो दोन्ही मॅनिफोल्ड एकत्र बांधून एकाच पातळीत घासण्यास सांगावे. वायसर स्वतःही तपासावा. वर्षानुवर्षांच्या दाबाने तो मधोमध खोल गेलेला असेल तर बदलावा. ज्या गाड्यांत इनलेट आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड एकमेकांनाही बोल्टने जोडलेले असतात, त्यांचे हे आपसातले बोल्ट आधी सैल ठेवावेत, दोन्ही मॅनिफोल्ड हेडवर पूर्ण आवळून झाल्यावरच ते आवळावेत. उलट क्रमाने केले तर दोन्हींची तोंडे एका पातळीत येत नाहीत.

स्टडचे आटे डायने आणि हेडमधील आटे योग्य मापाच्या टॅपने साफ करावेत. टॅप येथे आटे नव्याने कापण्यासाठी वापरायचा नसतो, घाण काढण्यापुरता वापरायचा असतो. तो हाताने फिरत गेला पाहिजे. भोक आरपार नसेल तर त्यात तेल किंवा पाणी राहू देऊ नये. बोल्ट आत जाताना द्रवाला बाहेर पडायला वाट मिळाली नाही तर रेंच कट् वाजवतो, पण मॅनिफोल्ड सैलच राहतो, आणि कधी कधी ओतीव भागालाच चीर पडते. बोल्ट बदललेले असतील तर त्यांची लांबी जुन्या बोल्टशी ताडून पाहावी. दोन-तीन मिलिमीटर लांब बोल्टही भोकाच्या तळाला टेकून असाच खोटा टॉर्क दाखवतो. नवीन स्टड बसवताना ते हाताने आत जावेत तितकेच घालावेत आणि शेवटी हलकासा ताण द्यावा.

आट्यांना काही लावावे का, यावर गॅरेजमध्ये बरेच वाद होतात. नटाला दिलेल्या जोराचा जवळजवळ नऊ-दशांश भाग नटाखालच्या आणि आट्यांच्या घर्षणात खर्च होतो आणि उरलेला थोडाच भाग प्रत्यक्ष दाबाच्या रूपाने उपयोगी पडतो. घर्षण कमी केले की त्याच टॉर्कला दाब कितीतरी वाढतो. मॅन्युअलमधील आकडा, वेगळे लिहिलेले नसल्यास, स्वच्छ आणि कोरड्या आट्यांसाठी असतो. एक्झॉस्टच्या बाजूला मात्र पुढच्या वेळी नट सुटावेत म्हणून तांब्याचे ॲन्टी-सीझ (आटे चिकटू न देणारा लेप) लावणे शहाणपणाचे आहे, विशेषतः आपल्या पावसात. ते लावले तर टॉर्क पाव भागाने कमी धरावा, म्हणजे 20 ऐवजी 15 न्यूटन-मीटरच्या आसपास. साधे ग्रीस लावू नये. ते जळून त्याचा कोळसा होतो आणि नट अधिकच अडकतो. एक्झॉस्टवर पितळी नट वापरण्याची जुनी पद्धत चांगली आहे, कारण पितळ पोलादी स्टडला गंजाने चिकटत नाही. स्प्रिंग वायसरवर तेथे भरवसा ठेवू नये, कारण त्या उष्णतेत त्याची स्प्रिंग मरते. मूळ रचनेत असेल तसाच जाड, सपाट वायसर वापरावा.

पॅकिंग दर वेळी नवीनच घ्यावे. एकदा दबलेले पॅकिंग दुसऱ्यांदा तितके दबत नाही. एका बाजूस पत्रा असलेले पॅकिंग असल्यास पत्र्याची बाजू बहुधा मॅनिफोल्डकडे येते, म्हणजे मॅनिफोल्डला घसरायला गुळगुळीत पृष्ठभाग मिळतो. पाकिटावर किंवा पॅकिंगवर दिशा छापलेली असेल तर तीच पाळावी. बसवण्यापूर्वी पॅकिंग हेडवर टेकवून पोर्टांची तोंडे कोठे झाकली जात नाहीत ना, हे पाहावे. एक्झॉस्टला सिलिकॉनचा लेप लावू नये. तो जळून जातो आणि त्याने सोडलेल्या जागेतूनच गळती सुरू होते.

आवळण्यापूर्वी सायलेन्सरचा पुढचा पाइप मॅनिफोल्डला जोडलेला नसावा, किंवा जोडलेलाच ठेवावा लागत असेल तर त्याचे वजन खालून लाकडी ठोकळ्यावर तोलून धरावे, नाहीतर मॅनिफोल्ड एका बाजूला ओढलेल्या अवस्थेतच आवळला जातो. मॅनिफोल्ड स्टडवर चढवल्यावर तो हाताने किंचित इकडेतिकडे सरकतो का ते पाहावे. एखाद्या स्टडला भोकाची कड टेकत असेल तर तापल्यावर तेथेच अडणार हे निश्चित. मग सर्व नट बोटांनीच शेवटपर्यंत फिरवावेत. जो नट बोटाने जात नाही त्याचे आटे अजून साफ झालेले नाहीत, आणि त्याच्यावर रेंचने दाखवलेला आकडा विश्वासार्ह नाही.

आता मधला नट पहिला घ्यावा. त्यानंतर त्याच्या डावीकडचा, मग उजवीकडचा, मग पुन्हा डावीकडचा पुढचा, अशा रीतीने मध्यापासून दोन्ही टोकांकडे जावे. वर आणि खाली अशा दोन ओळी असतील तर तिरके जात दोन्ही ओळी बरोबरीने पुढे न्याव्यात. मॅन्युअलमध्ये क्रमांक टाकून क्रम दिलेला असेल तर तोच घ्यावा. कपड्यावरची सुरकुती जशी मधून कडेला सारावी तशी पॅकिंगमधली असमानता या क्रमाने बाहेर निघून जाते, आणि मधला भाग आधी पक्का झाल्याने मॅनिफोल्डला दोन्ही बाजूंना सारखे लांबण्याची मुभा राहते. पहिल्या फेरीत शेवटच्या टॉर्कच्या निम्मा, म्हणजे 10 न्यूटन-मीटर द्यावा, दुसऱ्या फेरीत 15 आणि तिसऱ्या फेरीत पूर्ण 20. ॲन्टी-सीझ लावले असल्यास हे टप्पे 10, 12 आणि 15 असे धरावेत. पूर्ण आकड्यावर आणखी एक फेरी त्याच क्रमाने करावी, कारण शेजारचा नट आवळल्यावर आधीच्याचा ताण उतरतो आणि पहिल्या नटाला बहुधा थोडी वाढ मिळते. एखादा नट ओढ न वाढता फिरतच राहिला तर ताबडतोब थांबावे. एकतर आटे निघत आहेत किंवा स्टड लांबत आहे, आणि दोन्ही बाबतींत आणखी अर्धे वळण दिले की दुरुस्ती महाग होते.

हेडवरचे नट झाल्यावरच पुढचा पाइप नव्या रिंगसह मॅनिफोल्डला जोडावा, त्याचे नट आळीपाळीने आवळावेत आणि सर्वांत शेवटी सायलेन्सरच्या रबरी टांगण्या व पाइपचा इंजिनाशी असलेला क्लॅम्प बसवावा. हा क्लॅम्प विसरला जातो. तो नसला की पाइपचे सगळे हेलकावे मॅनिफोल्डच्या स्टडवर येतात, आणि पंधरा दिवसांत पुन्हा तीच टिक-टिक सुरू होते. बऱ्याच गाड्यांत पॅकिंगला दोष दिला जातो तेव्हा खरा दोष या चार आण्यांच्या क्लॅम्पचा असतो.

इंजिन सुरू करण्यापूर्वी पेट्रोलच्या नळीचे जोड पाहावेत आणि काढलेला कूलंट भरावा. सुरुवातीची काही मिनिटे ॲन्टी-सीझ आणि हाताळणीतले तेल जळून थोडा धूर येतो, तो स्वाभाविक असतो. इंजिन नेहमीच्या तापमानाला आणून बंद करावे आणि पूर्ण थंड होऊ द्यावे. गरम असताना नटांना हात लावू नये, कारण त्या वेळी मॅनिफोल्ड फुगलेला असतो आणि टॉर्कचा आकडा निरर्थक ठरतो. थंड झाल्यावर त्याच क्रमाने, त्याच आकड्यावर रेंच पुन्हा एकदा फिरवावा. नवीन पॅकिंग पहिल्या तापण्यात दबते, त्यामुळे काही नट थोडे फिरतील. त्यानंतर चोर्ला घाटाची किंवा निपाणीपर्यंतची एखादी चढ-उताराची फेरी होऊ द्यावी आणि साधारण 500 ते 800 किलोमीटर झाल्यावर पुन्हा थंड इंजिनावर तपासावे. या तपासणीत नट जागचे हलले नाहीत तर ते तसेच सोडून द्यावेत. दर महिन्याला थोडे-थोडे आवळत राहण्याची सवय वाईट, कारण त्यात टॉर्क मोजला जात नाही, फक्त साठत जातो.

शेवटच्या तपासणीनंतर प्रत्येक नटावर आणि त्याच्या वायसरवर मिळून उष्णता सोसणाऱ्या पांढऱ्या रंगाची एक आडवी रेघ ओढून ठेवावी आणि किलोमीटरचा आकडा गाडीच्या वहीत लिहावा. पुढच्या सर्व्हिसिंगला पाना न लावता नुसत्या नजरेने कळते की कोणता नट फिरला. एखाद-दुसऱ्या नटाची रेघ सरकलेली दिसली तर तो पुन्हा आवळावा. टोकाच्या त्याच नटाची रेघ दुसऱ्यांदाही सरकलेली आढळली, तर नटाला दोष न देता मॅनिफोल्ड उतरवावा आणि त्या टोकाखाली फीलर गेजचे पान घालून पाहावे. तोंड तेथे वाकलेले असण्याचीच शक्यता अधिक, आणि त्यावर उपाय मशीन शॉपमध्येच होतो.